दोन सैल खिळे

मित्रांनो, मी एक जुनी मॅट आहे. दाराशी पाय पुसायला टाकतात ती नव्हे हं! तसं कुणी म्हटलं की मला भारी राग येतो. मी क्रिकेटची मॅट आहे. काथ्याची, अंगाने खरखरीत, आणि लांबीला बावीस यार्डांहून थोडी जास्तच. तुम्ही टीव्हीवर गवताच्या खेळपट्ट्या पाहता. पण एके काळी नागपुरातल्या कितीतरी मैदानांवर मुरूम चोपून जमीन सपाट करायचे आणि तिच्यावर माझ्यासारखी मॅट अंथरून सामने खेळायचे.

माझा जन्म केरळातला. नारळाची सोडणं कित्येक महिने पाण्यात कुजली, बायकांनी ती बडवून काथ्या काढला, सुंभ वळला आणि मागावर मला विणलं. त्या पाण्याचा वास माझ्या अंगाला बरीच वर्षं होता. मग गुंडाळी करून मला मालगाडीत टाकलं आणि ऐन मे महिन्यात मी नागपूरला उतरले. ओलाव्यात वाढलेली मी, तिथल्या उन्हाने पहिल्याच दिवशी माझी पार शुद्ध हरपली.

नागपूरच्या इंदोरा वस्तीतल्या एका लहानशा क्लबाने मला आणलं होतं. क्लबाचा कप्तान होता नागसेन. विजेच्या खांबांवर चढायची त्याची नोकरी. हात असे घट्ट, की एकदा धरलेली गोष्ट सुटायची नाही. तो आता सत्तरीचा झालाय, पण मी त्याला अजून अरे-तुरेच करते. लहानपणापासूनची ओळख आहे आमची, म्हणजे माझ्या लहानपणापासूनची.

मला अंथरणं हे मोठं काम असे. आधी जमिनीवर पाणी शिंपडायचं, मग दोन्ही टोकांनी चार-चार जणांनी मला ओढायचं आणि कडेने लांब लोखंडी खिळे ठोकायचे. नागसेन हातोडा दुसऱ्या कुणाच्या हाती देत नसे. "मॅट ताणणं कप्तानाचंच काम आहे," म्हणायचा. त्यात अर्थ होता. मी घट्ट ताणलेली असले की चेंडू सरळ, प्रामाणिकपणे उसळतो. कुठे सैल राहिले की तिथे चेंडू अडकतो आणि अंगावर येतो. म्हणून एक रीत होती. डाव सुरू होण्याआधी पाहुण्या संघाच्या कप्तानाने माझ्यावरून टाच दाबत या टोकापासून त्या टोकापर्यंत चालायचं. सैल लागली, तर खिळे पुन्हा ठोकून घ्यायचे.

ही रीत एकच माणूस पाळत नसे. तो म्हणजे कन्हानच्या संघाचा कप्तान कवडू. तो कोळशाच्या खाणीत कामाला होता. दर रविवारी कामठीवरून सायकल मारत यायचा आणि सामना नसला तरी नागसेनकडे जेवून जायचा. नागसेनची आई, तुळसाबाई, त्याच्यासाठी दोन भाकरी जास्तीच्या थापायची. त्याला कुणी म्हटलं, मॅट तपासून घे, तर तो हसायचा. "नागसेननं ठोकली ना? मंग काय पाहाचं त्याच्यात!"

मित्रांनो, हे वाक्य ऐकताना मला किती अभिमान वाटायचा! आणि याच वाक्याने पुढे घात केला.

त्या वर्षी दोघांचे संघ अंतिम सामन्यात समोरासमोर आले. आमच्या क्लबाने तोवर एकही कप जिंकला नव्हता. सगळी वस्ती मैदानावर लोटली होती. म्हाताऱ्या बायका, कामावर दांडी मारून आलेले बाप, खांद्यावरची पोरं, सगळी. आणि आमचा संघ शहाण्णव धावांत गारद झाला. मधल्या सुट्टीत वस्तीच्या लोकांचे चेहरे असे उतरले की पाहवेनात. नागसेन हातोडा घेऊन मला पुन्हा ताणायला एकटाच आला. नेहमीप्रमाणे खिळे ठोकत गेला. फलंदाजाच्या पुढ्यात चेंडू पडतो तिथे आला, आणि दोन खिळे त्याने अर्धेच ठोकले.

दोनच. मी माझ्या परीने अंग ताठ धरलं, पण काथ्याच्या हातात काय असतं! मला वाटलं, कवडू आज तरी टाच दाबून पाहील. तो आला, नागसेनच्या पाठीवर थाप मारली आणि थेट बॅट घेऊन उभा राहिला.

अडतीस धावांवर खेळत होता तो. काय सुरेख खेळत होता! मग एक वेगवान चेंडू त्या सैल जागेवर पडला आणि नागासारखा उठला. तेव्हा हेल्मेट कुठली? चेंडू त्याच्या डाव्या डोळ्यावर लागला. आमचा संघ सात धावांनी जिंकला. कवडूचा डोळा गेला.

सगळे म्हणाले, मॅट खराब झाली. नागसेन काहीच म्हणाला नाही. पुढच्या मोसमात त्याने कप्तानी सोडली. का सोडली ते कुणाला कळलं नाही. कवडूचं येणं थांबलं आणि नागसेनला कन्हानला जायचं धाडस झालं नाही. मला गुंडाळून पत्र्याच्या खोलीत टाकलं, चुन्याच्या पोत्यांमागे. उंदरांनी माझा एक कोपरा खाल्ला. पण खरं सांगू? उंदरांपेक्षा मला तो खोटा आळ जास्त कुरतडायचा. अशी चाळीसेक वर्षं गेली.

गेल्या हिवाळ्यात एका सकाळी खोलीचं दार उघडलं. क्लबात आता मुलींचा संघ आहे आणि माया नावाची तरुणी त्यांना शिकवते. कन्हानच्या मुलींशी सामना ठरला होता, पण गवताची खेळपट्टी मुलांच्या स्पर्धेसाठी राखलेली. मायाला कुणीतरी माझी आठवण करून दिली. मला बाहेर काढलं, झटकलं, उन्हात पसरलं. केवढी शिंकली ती! पण मला अंथरायचं कसं, हे कुणालाच ठाऊक नव्हतं. म्हणून तिने नागसेनला बोलावलं.

तो काठी टेकत आला. माझ्याकडे पाहून जरा थबकला. मग पाणी मागवलं, मुलींना दोन्ही टोकांना उभं केलं आणि स्वतः गुडघ्यावर बसून एकेक खिळा ठोकू लागला. ठोकता ठोकता बोलत होता.

"टॉस हरला तरी चालते वं पोरींनो. कप्तानीत अवघड काय आहे सांगू? आपल्याच दोस्ताले बारावा ठेवणं. अन् त्याहून अवघड म्हंजे, हारून राहिलो हे दिसत असताना सीधं खेळणं. ते मले जमलं नाही."

मुलींना वाटलं, आजोबा उगीच बोलताहेत. कन्हानची कप्तान मिनल आली, तशी त्याने तिला हाक मारली. "टाच दाबत चाल हिच्यावरून. मी ठोकली म्हणून भरवसा ठेवू नोको."

मिनल माझ्यावरून चालू लागली. तेवढ्यात मैदानाच्या कडेने एक म्हातारा तरातरा आला. डाव्या डोळ्यावर काळी काच. मी पावलांवरूनच ओळखलं त्याला.

"उतर खाली!" कवडू ओरडला. "हे तीच मॅट आहे. हिच्यावर माही नात खेळणार नाही."

"आबा, सगळे थांबले ना," मिनल रडकुंडीला आली. तिचा तो कप्तान म्हणून पहिलाच सामना होता. माया म्हणाली, "काका, मॅट इतकी खराब असन तर सामना रद्द करतो. जाळून टाकू हिले."

मित्रांनो, नागसेन तेव्हाही गप्प बसू शकला असता. मी जळले असते आणि गोष्ट माझ्याबरोबर संपली असती.

"मॅटचा दोष नाही," तो म्हणाला. "कवडू, त्या दिवशी दोन खिळे मी अर्धे ठोकले होते. जाणूनबुजून. मले मॅच जिंकाची होती. तुले लागन असं नोतं वाटलं, पण ढिली मीच ठेवली."

कवडू एक पाऊल पुढे आला.

"काहून नाही सांगितलं?"

"भेलो."

"चाळीस वर्षं?"

"रोज भेलो."

कवडू पाठ फिरवून चालू लागला. मला वाटलं, गेला. पण मैदानाच्या कडेला तो थांबला, परत फिरला आणि नागसेनच्या अगदी समोर येऊन उभा राहिला.

"लोकं मॅटले दोष देत होते, पण मी तं मनात समजत होतो का मीच उशिरा गेलो त्या बॉलले," तो हळू म्हणाला. "माहीच नजर कच्ची. पोराले म्हणून खेळू नाही देल्लं मी. खेळ आपल्या खानदानात नाही म्हटलं त्याले. रोज रातच्याले तोच बॉल खेळून राहिलो गा मी. मंग सांग. माहा पाय बराबर गेला होता?"

"बराबर गेला होता," नागसेन म्हणाला. त्याचे डोळे वाहत होते. "बॅटही सरळ होती. तो बॉल कोणालेच खेळता नसता आला, कवडू."

कवडू मटकन खाली, माझ्या कडेवरच बसला आणि हुंदके देऊन रडला. सत्तरीतला माणूस, लहान मुलासारखा. मग तोंड पुसून मिनलला म्हणाला, "जाय. खेळ."

माफ केलं, असं काही तो म्हणाला नाही. सामनाभर नागसेनपासून चार हात लांब बसून राहिला. पण मिनलने पुढे सरसावून एक चेंडू सीमेपार धाडला, तेव्हा नागसेनकडे न बघता कवडू पुटपुटला, "पाह्यलं का रे?" आणि नागसेन म्हणाला, "पाह्यलं."

आता मला दर रविवारी बाहेर काढतात. फाटलेल्या कोपऱ्याला मायाने ठिगळ लावलंय. मित्रांनो, जुन्या वस्तूंना कधीमधी ऊन दाखवत जा, एवढं तर मी मागेनच. पण माझं खरं मागणं निराळं आहे. तुमच्या हातून काही चुकलं, तर ते वस्तूच्या माथी मारून गप्प बसू नका. आळ मी सोसला, मी काथ्याची आहे. पण ज्याचं नुकसान झालं, तो तुमची चूक स्वतःची समजून जगत असतो. त्याच्याकडे जा आणि त्याला सांगा, की तुझा पाय बरोबर गेला होता.