भुऱ्याचा वाटा

तपासनिसाने बायकोच्या पोटाची फिल्म खिडकीसमोर धरली आणि चटका बसावा तशी लगेच टेबलावर ठेवली. बायकोने ते पाहिलं. तीस वर्षं कत्तलखान्यात मेंढ्यांच्या कलेज्या उलटून-पालटून शिक्के मारणाऱ्याला ती पाण्याची गोल गाठ ओळखायला डॉक्टर लागत नव्हता.

चार वर्षं ती सांगत होती, उजव्या बरगडीखाली जड वाटतं, दोन घास खाल्ले की मळमळतं. चार वर्षं तो म्हणत होता, गॅस असेल, तुझं नेहमीचंच रडगाणं.

"यकृतात जंताची गाठ आहे," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. "दहा-बारा वर्षं आत वाढत असणार. आधी गोळ्या, मग ऑपरेशन. तोवर पोटाला जपा. गाठ फुटली तर जिवावर बेतेल. घरी कधी कुत्रा होता?"

"नाही," तपासनीस म्हणाला.

"नीट आठवा. गाठी असलेली कच्ची कलेजी खाऊन कुत्र्याच्या पोटात हे जंत होतात. त्यांची अंडी त्याच्या अंगावरून आपल्या हाताला लागतात. कुत्रा असेल, तर घरातल्या सगळ्यांनाच तपासावं लागेल."

"आमच्याकडे कुत्रा कधीच नव्हता."

खोटं बोल पण रेटून बोल. गाठी निघालेली जी कलेजी नियमाने जाळायची, ती कागदात गुंडाळून घरी यायची. 'भुऱ्याचा वाटा' म्हणायचा तो. तिने नाक मुरडलं की हसायचा, कुत्र्याला काय धाड भरलीय? दिवसभर खाटकांना स्वच्छतेचे धडे द्यायचे आणि घरी ही तऱ्हा. लोका सांगे ब्रह्मज्ञान. भुऱ्याची घाण तिने काढली, त्याचं ताटलं तिने घासलं. लेक त्याला कवटाळून झोपायची. तो स्वतः तर भुऱ्याला मांडीवर घेऊन जेवायचा, एक घास स्वतःला, एक त्याला.

तिने नवऱ्याकडे पाहिलं. थोडं थांबून पुन्हा पाहिलं. तो रिपोर्टची घडी घालत होता, उलगडत होता, पुन्हा घालत होता.

बाहेर बाकावर बसल्यावर तो हलक्या आवाजात म्हणाला, "निवृत्तीला आठ महिने उरलेत. चौकशी लागली तर सगळं मुसळ केरात. समजून घे ना."

आयुष्यभर तिने समजूनच घेतलं होतं. तिने लेकीला फोन लावला.

"उद्याच्या उद्या पोटाची सोनोग्राफी करून घे. माझ्या यकृतात गाठ निघालीय. भुऱ्यामुळे."

पलीकडून लेकीचा आवाज आला, शेजारी ऐकू जाईल एवढा मोठा. "करते. पण आई, बाबा? बाबांचीही करायला हवी ना?"

तपासनिसाने मान वर केली. त्याचा हात आपसूक उजव्या बरगडीखाली गेला होता.

"त्यांची कशाला?" ती त्याच्याकडे बघत म्हणाली. "त्यांच्याकडे कुत्रा कधीच नव्हता."