चौथा ढीग

पुसदच्या कॉम्प्युटर क्लासात दीपा आणि नाहिद दोन वर्षं एकाच मशीनवर बसल्या. दीपा ढाणकीहून एस.टी.नं येई. नाहिद गावातलीच, इकबाल मिस्त्रींची मुलगी. दुसऱ्या वर्षी, दोन हजार सहाला, कापसाचे भाव असे पडले की ट्रॅक्टर दुरुस्तीला आणणारेच उरले नाहीत, आणि मिस्त्रींचं गॅरेज दिवस दिवस रिकामं राहू लागलं.

दोघींचा सी-भाषेतला प्रोजेक्ट जिनिंगसाठी, म्हणजे कापसातली सरकी काढणाऱ्या कारखान्यासाठी, होता. कापसाच्या ढिगांतल्या ओलाव्याची सरासरी काढायची. कोणी दोन ढीग आणतो, कोणी सात. म्हणून नाहिदनं असं फंक्शन लिहिलं, की त्याला कितीही आकडे द्या, ते घेतं. फक्त किती आकडे येताहेत ते आधी सांगायचं. त्याला आपलं आपण ते कळत नाही.

"तू चार म्हन आन् तीनच दे," नाहिद हसून म्हणाली होती, "तरी थे चौथा वाचते. बाजूले जो कचरा पडला असन, थो."

"समजलं," दीपा म्हणाली.

परीक्षेच्या सकाळी उदाहरण आटोपशीर व्हावं म्हणून दीपानं चारातला एक ढीग कमी केला. आधी लिहिलेला चारचा आकडा मात्र तसाच राहिला. बाहेरून आलेल्या परीक्षकांसमोर पडद्यावर ओलावा उमटला, तो पार लांबलचक आकडा, तोही उणे.

"हे फंक्शन कोणाचं?"

"नाहिदनं लिहिलं, सर."

नाहिदनं पडद्याकडे पाहिलं, मग दीपाकडे. दीपा पास झाली, नाहिद नापास.

त्यानंतर नाहिद क्लासला आली नाही. आठ दिवसांनी दीपानं चूक शोधायला फाईल उघडली. चार लिहिलेलं आणि पुढे तीनच आकडे. ती तशीच उठून मिस्त्रींच्या घरी गेली. दाराला कुलूप होतं. शेजारी मिस्त्रींची बहीण, नाहिदची फुफी हुस्नाबी, गहू निवडत बसली होती.

"आदिलाबादले गेले सगळे," ती म्हणाली. "इथं कामच नाही राह्यलं. इकबाल पोरीले म्हने, पास झाली तं फुफीजवळ राह्य, शिक. नाही तं चाल आमच्यासंग."

"फुफी, चूक माही होती."

"मले मालूम हाये. थिनं सांगतलं."

"मंग थे तवाच काहून नाही बोलली?"

हुस्नाबीनं सूप बाजूला ठेवलं. "तूच सांगशीन म्हने. जायच्या दिवशीबी दारातच बसून होती."

दीपानं क्लासच्या सरांना सगळं सांगितलं. पण निकाल लागून गेला होता, तो आता बदलणार नव्हता. मग हुस्नाबीकडून पत्ता घेऊन तिनं आदिलाबादला दोन पत्रं टाकली. दुसऱ्याचं उत्तर क्लासच्या पत्त्यावर आलं, मिस्त्रींच्या हातचं: नाहिदचा निकाह झाला, ती खुशाल आहे, आता लिहू नये.

एस.टी. स्टँडवर ढाणकीची गाडी लागली होती. दीपा फलाटावर ते पत्र घेऊन उभी राहिली, आणि गाडी तिला न घेताच निघून गेली.