साडेआठ मिनिटं

टेंभुर्णीजवळच्या तलावात तराफा उलटला आणि इजहार एकटाच पोहून काठाला लागला. त्याचा धाकटा भाऊ इमरान जाळ्यात पाय गुंतून तिथंच राहिला. जाळं टाकलेली जागा फोनात साठवायची इजहारची सवय, म्हणून ठिकाण पक्कं होतं. गळ्यातल्या प्लास्टिकच्या पिशवीतला फोन काढून त्यानं शोधपथकाच्या धर्मराजला रेखांश सांगितले, मग अक्षांश सांगितले, "वीस अंश, साडेआठ मिनटं."

धर्मराजनं ते आकडे बोटीवरच्या जीपीएस यंत्रात टाकले आणि दोन दिवस बोट गळ टाकून तिथं घिरट्या घालत राहिली. हाती चप्पलसुद्धा लागली नाही. इजहार "अजून वर असंल साहेब" म्हणून हात करायचा, पण उघड्या पाण्यात तो हात दर वेळी वेगळीकडेच जायचा.

"यंत्र चुकत न्हाई भाऊ," धर्मराज म्हणायचा.

मग काठावरच्या लोकांच्या जिभांना काम मिळालं. घराच्या वाटणीवरून मागच्या आठवड्यात भावाभावांची हमरीतुमरी झाली होती, ती आता प्रत्येकानं स्वतःच्या डोळ्यांनी पाहिली होती म्हणे! इजहारला त्यांची पर्वा नव्हती. अब्बांचा विश्वास असला की त्याला पुरे होतं. पण दुसऱ्या संध्याकाळी त्याचे अब्बा, इनायतमियां, सगळ्यांसमोर म्हणाले, "सच बोल, उसकू किधर फेका?"

तिसऱ्या दिवशी इजहार हट्टानं बोटीत बसला. यंत्राच्या पडद्यावर मिनिटांच्या जागी आकडा होता 8.30.

"हे कुठलं? म्या साडेआठ सांगितल्तं."

"मंग साडेआठच टाकलंय की."

"हे घड्याळातलं झालं साहेब! माझ्या फोनात आठ मिनटं तीस सेकंद हायेत. साठातले तीस, म्हंजे अर्धं मिनिट. तुमच्या यंत्रात सेकंद न्हाईत, पॉइंट हाय. अर्ध्याला पॉइंट पाच लागतो."

धर्मराजचं तोंड उतरलं. रजेच्या अर्जापासून लग्नपत्रिकेपर्यंत जन्मभर साडेआठ असंच लिहीत आला होता बिचारा. त्यानं 8.50 केलं. बोट पावणेचारशे मीटर उत्तरेला गेली आणि अर्ध्या तासात गळ जाळ्याला अडकला. इमरानचं तोंड अम्मीला दाखवण्यासारखं उरलं नव्हतं.

बोट परतली तेव्हा काठ चिडीचूप होता. इनायतमियां गुडघाभर पाण्यात आले आणि त्यांनी आधी थोरल्याला उतरवायला हात पुढे केला.

"बेटा..."

इजहारनं तो हात पाहिला. मग तो बोटीच्या दुसऱ्या बाजूनं पाण्यात उतरला.