बाटलीवरची साय

बावीस वर्षं मी या प्रयोगशाळेत भांडी घासतेय. माझ्या हातच्या काचेत तोंड बघून घ्यावं, असं खुद्द मोठे साहेब म्हणतात. कुणी माझ्या स्वच्छतेला नाव ठेवलं की माझं डोकंच फिरतं. हे आधी सांगून टाकते, कारण पुढे मीच तोंडघशी पडणार आहे.

आमच्या डॉक्टरीणबाई बाटल्यांत जिवाणू वाढवतात. तेल नि पाणी कितीही घुसळा, घटकाभरात तेल आपलं वर! पण या जिवाणूंचं एक प्रथिन तेलाच्या थेंबाथेंबाभोवती पातळ कवच धरतं, मग थेंब एकमेकांना चिकटतच नाहीत. म्हणजे मलमात, आइस्क्रीममध्ये तेलपाणी एकत्र राहायला वेगळं रसायन घालायला नको. लेकीच्या बाळंतपणासाठी मी महिनाभर रजेवर होते, तेव्हा बाईंनी एकटीनं सगळं केलं आणि जमलं. आठवडाभर तेल वर आलं नाही. त्यांनी तसं वरिष्ठांना लिहूनही कळवलं.

मी परत आले आणि कुठे माशी शिंकली कोण जाणे. दोन महिन्यांत तीनदा केलं, तीनदा तेल तरंगत वर. बाईंची अन्नावरची वासनाच उडाली. शेवटी बुधवारी दुपारी त्या पत्र लिहायला बसल्या, की माझा आधीचा निष्कर्ष चुकला, तो मी मागे घेते. सहा वर्षांचं काम मातीत!

"अहो, पण एकदा झालं होतं ना?" मी म्हटलं.

"झालं होतं की मलाच तसं दिसलं, देव जाणे. तेव्हा बाटलीत वर चांगली जाड, सुरकुतलेली साय धरली होती. प्रथिन सगळं त्या सायीतच असतं, मावशी. आता तुम्ही आणून देता त्यात सायीचा कणसुद्धा नसतो. जिवाणूंनी साय धरणंच सोडलंय."

साय येत होती, दरवेळी येत होती! बाटली बाईंच्या टेबलावर नेण्याआधी मीच ती चमच्यानं काढून टाकत होते, घाण दिसते म्हणून. शिवाय खालचं उरलेलं पाणी गाळूनही द्यायचे, मोठी शहाणी!

गप्प बसले असते तर कुणाला पत्ता लागला नसता. नोकरी जाईल, या वयात दुसरी कोण देणार, सगळं डोक्यात येऊन गेलं. पण बाईंचं पेन सहीपाशी पोचलं होतं.

"बाई, सही करू नका. साय मी फेकली. तिन्ही वेळा."

त्यांनी माझ्याकडे पाहिलं, पेन ठेवलं आणि नवी बाटली लावायला घेतली. ओरडल्या असत्या तर बरं झालं असतं. पुढचे तीन दिवस मी त्या बाटलीजवळ फिरकलेसुद्धा नाही.

शनिवारी साय आली. बाईंनी ती तेलापाण्यात घुसळून नळीत भरली. रविवार असूनही दोघी सकाळीच येऊन हजर! बाईंनी नळी खिडकीशी धरली. दुधासारखी पांढरी, वरपासून खालपर्यंत एकसारखी. तेलाचा टिपूस वर नव्हता.

बाई स्टुलावर बसल्या आणि ढसाढसा रडायला लागल्या. माझ्या जिवात जीव आला.

"ओरडा ना माझ्यावर एकदाचं," मी म्हटलं. "म्हणजे मी सुटले."

"आधी मीच सांगायला हवं होतं," त्या डोळे पुसत म्हणाल्या, "साय कशासाठी असते ते."

"आणि मी विचारायला हवं होतं."

बाईंनी माझा हात धरला तो सोडेचनात. "मावशी, दोन महिने मी नवऱ्याला सांगत होते, की मी खोटं लिहिलं. तो नाही म्हणायचा, पण मला पटायचंच नाही. आज पटलं हो."