नाळेतलं पाणी

उमाजींनी श्वास सोडला आणि दुसरा खांदाही झडपेतून आत ढकलला. आता कमरेपर्यंतचं अंग बोटीच्या पुढच्या टोकात, नाळेत होतं आणि पाय मागे केबिनमध्ये.

नाळेतला हा कप्पा चारी बाजूंनी बंद. पुढून बोट फुटली तरी पाणी एवढ्यातच अडकावं आणि बाकीची बोट तरंगत राहावी, यासाठी. पण महिनाभर ही जुनी शिडाची बोट पुढे झुकत होती, म्हणून काल तिला हुसेनसागरच्या काठावर ओढून घेतलं होतं. कप्प्यात मनगटभर पाणी होतं. पावसाचं, वरून झिरपलेलं. बोटांखाली लाकूड चिखलासारखं दबलं.

“सडलंय का, काका?” मागून उदयसाहेबांनी विचारलं. बोट त्यांची, इथल्या नौकानयन क्लबचे सचिवही तेच.

“सडलंय, साहेब.”

उमाजी मागे सरकले. खांदे अडले. पुन्हा जोर लावला, तर झडपेची कड बरगडीत रुतली.

“अटक गया क्या, उमाजी?” सुतार यादगिरी हसला. “पार्वतम्मा कू बोलो, रोटी कम देना.”

उदयसाहेब हसले नाहीत. “यादगिरी, दो साल पहले ये काम तुमने किया. पानी निकलने की जगह ही नहीं रखी.”

“मैं बोला था साब. नीचे तूमु होना बोलके.”

“क्या होना?”

“तूमु, साब. तालाब कू नई रहता? पानी छोड़ने की मोरी. उसमें बूच डालना. बोट बाहर आई तो निकालना.”

उमाजींचे हात पाण्यात थांबले.

दोन वर्षांपूर्वी यादगिरी इथंच उभा होता, तोंडात खिळे धरून. केबिन आणि कप्प्यामधल्या फळीच्या तळाशी भोक होतं. त्याकडे बोट दाखवून तो ‘तूमु’ म्हणाला आणि जेवायला गेला. उमाजींना ऐकू आलं, ‘तुंबव’. त्यांच्या नांदेडकडे मोरी तुंबते, नाली तुंबते. त्यांनी भोकात रेझिन भरलं, घासलं, वर रंग दिला. शोधूनही सापडू नये असं.

“बहाने मत दो. कल से इधर आना नहीं,” उदयसाहेबांनी यादगिरीला सुनावलं.

“साब, बीस साल से...”

“बस्स.”

यादगिरीची हत्यारं पिशवीत पडू लागली, एकेक करून.

“साहेब, ते मी बुजवलं,” उमाजी म्हणाले. म्हणताना त्यांना शेडमागची खोली दिसली, क्लबनं नोकरीपोटी राहायला दिलेली, आणि दोरीवर बायकोनं, पार्वतीबाईंनी घातलेलं धुणं.

“काय म्हणता? ऐकू येत नाही. काही हवंय का?”

झडप त्यांच्याच अंगानं बंद झाली होती. ‘काही नाही’ म्हटलं असतं, तर तेही ऐकू गेलं नसतं.

उमाजींनी पाण्याखालून फळीचा तळ चाचपला. रंगाखाली एक गोल किंचित वर आलेला लागला. सडकं लाकूड काढायला त्यांनी पटाशी-हातोडी आत आणली होती; त्यांनी त्या गोलावर पटाशी टेकवली आणि हात जेवढा मागे जात होता तेवढाच नेऊन हातोडी मारली. चौथ्या घावाला रेझिनचा गोळा निसटला. पाणी केबिनमध्ये धावलं. उदयसाहेब ओरडून मागे सरले. हत्यारांचा आवाज थांबला.

पाणी उतरेपर्यंत उमाजी थांबले. मग गाल ओल्या लाकडावर टेकवून त्यांनी तोंड भोकापाशी नेलं.

“यादगिरी,” ते म्हणाले, “जाऊ नक्को.”