उभ्या माणसाचं माप

त्या आठवड्यात आमच्या ताईच्या दिवाणखान्यात भिंतीतून चालायला बंदी होती. भिंत म्हणजे फरशीवरची खडूची रेघ. ताईने व्हॅन घ्यायचं ठरवलं होतं, आणि तीही फिरायला नाही, राहायला. घर भाड्याने द्यायचं आणि नवराबायकोने चाकांवर संसार थाटायचा. त्यासाठी पसंत पडलेल्या प्रत्येक मोठ्या व्हॅनचं आतलं माप ती जमिनीवर उतरवायची आणि त्या चौकटीत दोघं राहून बघायची. मी चहाचा कप घेऊन सरळ खुर्चीकडे निघालो, तर म्हणाली, "बाळ्या, दारातून ये." मी मुकाट्याने वळसा घालून दारातून आलो. पन्नाशी उलटलेल्या माणसाला बाळ्या म्हणणारी आता ती एकटीच उरली आहे, त्यामुळे तिच्यापुढे माझं काही चालत नाही.

ताई पुरुषांचे सूट शिवते. गळ्यात टेप नसेल तर तिला काहीतरी विसरल्यासारखं वाटतं. भावोजींनी उभी हयात लांबच्या पल्ल्याचा ट्रक चालवला. माणूस ताडमाड उंच, आणि केबिनमागची झोपायची फळी जेमतेम. रात्रीमागून रात्री ते त्या फळीवर गुडघे पोटाशी घेऊन झोपले. आता कंबर आणि गुडघे दोन्ही बोलायला लागले होते. हाडांच्या डॉक्टरांनी तर स्पष्टच सांगितलं, पाय सरळ करून झोपायची सवय लावा, नाहीतर थोड्याच दिवसांत उभंही सरळ राहता येणार नाही.

घोडं अडायचं ते इथेच. घरात चांगला ऐसपैस पलंग होता, पण त्यावर भावोजींचा डोळा लागायचा नाही. गाडीत बसले की दोन मिनिटांत घोरायचे. मग ताईने ठरवलं की हा माणूस गाडीतच झोपणार असेल, तर गाडीतच त्याला सरळ झोपवायचं. शिवाय, ज्या गावांवरून भावोजी आयुष्यभर न थांबता गेले, तिथे एकदा उतरून बघायची त्यांचीही इच्छा होतीच. मला हा सगळा वेडेपणा वाटत होता, आणि मी तसं म्हणूनही दाखवलं. ताईने माझ्या हातात टेपचं दुसरं टोक दिलं.

शेवटी दोन गाड्या उरल्या, दोन्ही एकाच व्यापाऱ्याच्या आवारात. पांढरी जरा आखूड, पण तिचं इंजिन सहा सिलिंडरचं, डिझेलचं. भावोजींनी ते चालू केलं आणि बॉनेटवर हात ठेवून नुसते उभे राहिले. चढावर भरल्या वजनानिशी गिअर न पाडता जाईल, असं म्हणताना त्यांचा चेहरा पोरासारखा झाला होता. राखाडी चांगली लांब होती, छतही उंच, पण इंजिन चारच सिलिंडरचं. तिच्याकडे त्यांनी जाता जाता पाहिलं आणि तोंड वाकडं केलं.

ताईने पांढरीचं माप घेतलं. व्यापारी बघतच राहिला, कारण ती गाडीची रुंदी चार ठिकाणी मोजत होती, खांद्यापाशी, कमरेपाशी, असं म्हणत. थंडी आणि उकाडा अडवायला पत्र्याला आतून जाड अस्तर लागतं, तेही तिने दोन्ही बाजूंनी वजा केलं. पलंग आडवा टाकायचा, म्हणजे मागे तिच्या शिलाई मशीनला जागा उरेल. मग भावोजींना भिंतीला पाठ लावून उभं केलं, डोक्यापासून टाचेपर्यंत टेप धरला, वर चार बोटं सैल सोडली आणि म्हणाली, बसतंय. तिला हवं ते माप आणि त्यांना हवं ते इंजिन एकाच गाडीत सापडलं होतं. भावोजींनी मला पाठीत धपाटा घातला. माझंसुद्धा मत पालटायला लागलं होतं.

पण ट्रायल घेतल्याशिवाय ताई कुणाच्याही अंगावरचा कपडा पास करत नाही. दुसऱ्या दिवशी ती फळ्या, गादी, उशी आणि अस्तराच्या जाडीच्या लाकडी पट्ट्या घेऊन आवारात हजर. पट्ट्या दोन्ही भिंतींना टेकवल्या, मधे गादी टाकली आणि भावोजींना म्हणाली, "झोपा."

ते झोपले. आणि खरंच झोपले. इंजिन चालू होतं, दुपार होती, दोन मिनिटांत घोरणं सुरू. डोक्याशी जागा, पायाशी जागा. व्यापारी हसून कागद आणायला निघाला. मी ताईला म्हटलं की झालं तुझं, आता मला जेवायला घाल.

ताई हलली नाही. भावोजी कुशीवर होते, गुडघे पोटाशी, हात छातीशी. फळीवर झोपत आले होते, तसेच. मग तिने त्यांच्या गुडघ्यावर हात ठेवला आणि हळूहळू, झोप मोडणार नाही अशा बेताने, एकेक पाय सरळ केला. झोपलेल्या माणसाचं पाऊल काटकोनात राहत नाही, ते पुढे झुकतं. उशीनेही डोकं थोडं खाली सरकलं होतं. अंगठे पट्टीला टेकले आणि लगेच दोन्ही पाय आपसूक पुन्हा पोटाशी गेले.

ताई खाली बसली. "मी उभ्या माणसाचं माप घेतलं," ती म्हणाली. "आयुष्यभर तेच घेत आले."

भावोजी जागे झाले. काय झालं ते त्यांच्या लगेच लक्षात आलं, आणि त्यांनी समजूत काढायला सुरुवात केली. एवढ्याशाने काय होतंय, आपण तिरपं झोपू, आपल्याला सवय आहे. आणि त्या राखाडीचं इंजिन म्हणजे काय इंजिन आहे. चढावर दम लागेल, रांगत जावं लागेल, मागचे हॉर्न वाजवून जीव नकोसा करतील. मला त्यांचं पटत होतं. असं इंजिन पुन्हा मिळणार नव्हतं, आणि त्या माणसाने स्वतःसाठी आजवर काही मागितलंही नव्हतं.

ताईने टेप गुंडाळून गळ्यात टाकला.

"वाजवू देत हॉर्न," ती म्हणाली. "अहो, आपल्याला आता कुठे माल पोचवायचा नाहीये."

भावोजी बराच वेळ पांढरीच्या दारात बसून राहिले. मग उठले, राखाडीचं बॉनेट उघडलं आणि आत डोकावले. पट्टा हाताला लागतोय, फिल्टर काढायला काही सोडवावं लागत नाही, कुठल्याही गावातला मेकॅनिक उघडू शकेल, असं ते स्वतःशीच पुटपुटत होते. आम्ही तिघं एक चक्कर मारून आलो. आवाराजवळच्या चढावर त्यांनी गिअर खाली घेतला, गाडी रेटत रेटत वर गेली, आणि मागच्या गाडीवाल्याने खरोखरच हॉर्न वाजवला. भावोजींनी काच खाली करून त्याला आरामात पुढे जायची खूण केली. असं करताना मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं.

परत आल्यावर, इंजिन चालूच ठेवून, ताईने गादी राखाडीत उभी लावली, गाडीच्या लांबीला. भावोजी झोपले. गुडघे पुन्हा पोटाशी. ताईने त्यांच्या गुडघ्यावर दोनदा टिचकी मारली, बाही सरळ कर म्हणून ती गिऱ्हाइकाला मारते तशी. त्यांनी डोळे न उघडता पाय लांब केले. पुरते लांब केले. मग पावलं पुढे करून ते अंगठ्यांनी भिंत शोधायला लागले.

"भिंत कुठे आहे गं?" त्यांनी विचारलं.

"लांब आहे," ताई म्हणाली. "झोपा."

माझ्या बहिणीचा मला इतका अभिमान कधीच वाटला नव्हता, पण मी तसं म्हटलं असतं तर तिने मला पट्ट्या उचलायला लावल्या असत्या. त्या मी तशाही उचलल्या, आणि बाहेर जाऊन व्यापाऱ्याला इंजिन एवढ्यात बंद करू नका म्हणून सांगितलं.