गुरूचे नऊ चंद्र

माझा नवरा नवलसिंग मनाने वाईट नाही, पण हट्टाला पेटला की देवाचंही ऐकायचा नाही. आमच्या मोलगीकडच्या डोंगरात रीत अशी, की मुलीच्या बापाला देज द्यायची ऐपत नसली तर पोराने सासऱ्याच्या घरी राबायचं आणि मग पोरगी न्यायची. डोंगरसिंगाने आमच्या कालीसाठी पाच वर्षं कबूल केली. दीड वर्ष होतंय तोच तो शाळेच्या मास्तराकडून काहीतरी ऐकून आला.

"मामा, माझी पाच वर्षं भरली. बुध नावाचा ग्रह आहे, तिथं तीन महिन्यांत वर्ष होतं."

नवलसिंग ऐकतोय होय! तडक मास्तराकडे गेला आणि मिशीला पीळ देत परतला. "मग मी गुरूचं वर्ष धरतो. तिथलं एक म्हणजे आपली बारा!"

म्हणजे साठ वर्षं राबायचं? कालीने ऐकलं आणि तव्यावरची भाकर करपवली.

पंच बसले. म्हातारा आमशा मुख्य. मास्तर भिकन खाली शहाद्याकडचा, त्यालाही बोलावलं.

"बुध किती लांब?" आमशाने विचारलं.

"कोट्यवधी मैल."

"बाप रे! मग तिथून साक्षीला कोण येणार? आपण आपलं चंद्रावरच मोजू. बारा चंद्र म्हणजे वर्ष. बुधाला चंद्र किती?"

"एकही नाही."

"मग तिथं वर्षच होत नाही."

डोंगरसिंगाचं तोंड एवढंसं झालं. नवलसिंग मांडीवर थाप मारून हसला. माझं डोकंच फिरलं.

"आणि यांच्या गुरूला किती हो, मास्तर?"

"मन्हा जुना पुस्तकमा गुरूले नऊ चंद्र शेतस, बाई."

"मग झालं तर! आपला एक महिना जातो तेवढ्यात तिथं नऊ जातात. पोराची पाच वर्षं कधीच भरली."

आमशाने मान डोलावली. "नानीबाई बरोबर बोलते. गुरू नवलसिंगानेच धरलाय."

नवलसिंग गडबडला. "मास्तर, एकच चंद्र कुणाला आहे?"

"आपल्या पृथ्वीला."

"मग मी पृथ्वी धरतो!"

"आता ग्रह बदलायचा नाही," आमशा म्हणाला. "काली उद्या जाईल."

नवलसिंग उठून गोठ्यात गेला. चांगला फैलावर घ्यावा म्हणून मी मागोमाग गेले, तर हा बैलाच्या मानेत तोंड खुपसून हुंदके देतोय.

"साठ वर्षं तरी घरात राहिली असती गं पोरगी," तो म्हणाला.